पदवीची तीन वर्षे : खोली कशी येते, रुंदी कशी येते

नव्या शैक्षणिक धोरणात बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी.चा फॉर्म हातात आला की आधी दिसतात ती अक्षरे : मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी. बरीच मुले खिडकीवरच्या क्लार्कला विचारून रकाने भरतात. क्लार्क आधीच्या मुलाने काय भरले ते सांगतो, आणि तीन वर्षांचा अभ्यास पाच मिनिटांत ठरून जातो. घरी विचारावे तर वडिलांच्या वेळी एफ.वाय., एस.वाय., टी.वाय. आणि स्पेशल विषय एवढेच होते. त्यामुळे तिथूनही फारशी मदत होत नाही.

एवढ्या अक्षरांमागे हेतू मात्र दोनच आहेत. मुलाला एक विषय खोलवर यावा, आणि त्या विषयाबाहेरच्या जगाशी त्याची ओळख असावी. या दोन गोष्टी वेगवेगळ्या रीतीने घडतात. खोली येते क्रमाने, म्हणजे एका पेपरवर दुसरा आणि दुसऱ्यावर तिसरा रचला जातो तेव्हा. रुंदी येते एखाद्या प्रश्नापायी, जो आपल्या विषयात सुटत नाही म्हणून दुसऱ्या विषयाचे दार वाजवावे लागते. नुसते पर्याय भरून यातले काहीच हाती लागत नाही.

आधी तासांचा हिशेब

क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचे एकक. थिअरीच्या एका क्रेडिटला सत्रात १५ तास वर्ग असतो, प्रॅक्टिकलच्या क्रेडिटला ३० तास. राष्ट्रीय श्रेयांक आराखडा मात्र एका क्रेडिटमागे एकूण ३० तासांचा अभ्यास धरतो. वर्ग, लायब्ररी, घरचे वाचन, परीक्षेची तयारी हे सगळे त्यात आले. वर्षाला किमान ४० क्रेडिट, म्हणजे १,२०० तास. सत्राला ६००, आणि १५ आठवड्यांनी भागले तर आठवड्याला ४० तास. यातले वर्ग आणि प्रॅक्टिकलचे तास २० ते २५ पकडले, तरी आठवड्याला १५ ते २० तास स्वतःच्या अभ्यासाचे उरतात. ते कोणी मोजत नाही, हजेरीपटावर ते येत नाहीत. विषय पक्का होतो तो मात्र याच तासांत.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२मध्ये पदवीचा जो आराखडा दिला, त्यात तीन वर्षांच्या १२० क्रेडिटची किमान वाटणी अशी आहे : मेजरला ६०, मायनरला २४, बहुविद्याशाखीय पेपरांना ९, भाषा-क्षमतेच्या पेपरांना ८, कौशल्याच्या पेपरांना ९, मूल्यवर्धित पेपरांना ६ ते ८ आणि इंटर्नशिपला २ ते ४. महाराष्ट्राने नावे आणि वाटणी थोडी बदलून घेतली. बहुविद्याशाखीयला आपल्याकडे ओपन इलेक्टिव्ह म्हणजे ओई म्हणतात, आणि तीन वर्षांची बेरीज १२० ते १३२च्या दरम्यान बसते. स्वायत्त कॉलेजांत ही रचना २०२३-२४पासून आली, संलग्न कॉलेजांत २०२४-२५पासून. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या तिन्ही जिल्ह्यांत, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबारमध्ये, बहुतेक मुले संलग्न कॉलेजांतच शिकतात.

आता हे क्रेडिट तासांत फोडा. मेजरचे ६० म्हणजे १,८०० तास, मायनरचे २४ म्हणजे ७२०, आणि ओईचे ९ म्हणजे २७०. एवढ्यावरूनच बरेच कळते. २७० तासांत कोणी अर्थतज्ज्ञ होत नाही, पण अर्थसंकल्पाची बातमी नीट वाचता येण्याइतके होते. ७२० तासांत एखादे साधन हाताळता येऊ लागते : सांख्यिकी, नकाशाशास्त्र, एखादी भाषा, प्रोग्रामिंग. विषयात मुरायला मात्र मेजरचे १,८०० तासच लागतात, आणि तेही ओळीने लागलेले.

खोली म्हणजे नेमके काय

जास्त माहिती म्हणजे खोली, हा गैरसमज आधी काढून टाकला पाहिजे. शंभर व्याख्या पाठ असलेला मुलगा उथळ असू शकतो. आयोगाच्या आराखड्यात पेपरांना पातळ्या दिल्या आहेत : १००च्या घरातले पायाभूत, २००चे मधले, ३००चे वरचे आणि ४००चे प्रगत. आपल्या अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत कोड वेगळ्या पद्धतीने छापलेले असतील, तरी प्रत्येक पेपरापुढे एक प्रश्न लिहून बघता येतो : हा पेपर समजायला आधीचा कोणता पेपर लागतो? उत्तर ‘कोणताच नाही’ असे आले, तर नावात ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ असूनही तो पायाभूतच समजावा.

या पातळ्या प्रत्यक्षात कशा दिसतात, हे जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीवर बघू. वनस्पतिशास्त्र मेजर असलेल्या मुलीपुढे प्रश्न आहे : डिसेंबर-जानेवारीत केळीला थंडीचा चरका बसतो, म्हणजे काय होते?

पहिल्या पातळीचे उत्तर घरचा माणूसही देतो. केळी उष्ण हवेतले पीक. रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली उतरू लागले की पाने निघण्याचा वेग मंदावतो, पाने पिवळी पडतात, निसवणीवर (घड बाहेर पडण्यावर) आलेल्या झाडाचा घड अडकतो. दुसऱ्या पातळीवर ‘का’ येते. पेशीच्या पटलातले मेदद्रव्य थंडीने घट्ट व्हायला लागते, पटलातून होणारी ने-आण बिघडते, फळाच्या सालीखालच्या वाहिन्या तपकिरी पडतात. गव्हाला किंवा हरभऱ्याला याच थंडीत काही होत नाही, कारण त्यांच्या पटलांची घडण वेगळी असते, की आणखी काही कारण आहे? असा प्रश्न मुलीला पडायला लागला की ती दुसऱ्या पातळीवर आली.

तिसऱ्या पातळीवर मोजमाप येते, आणि इथे बहुतेक गाडे अडते. मृगबागेतले (जून-जुलैत लावलेले) झाड जानेवारीत साधारण सहा-सात महिन्यांचे असते, कांदेबागेतले (सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेले) तीन-चार महिन्यांचे. दोघांवर थंडीचा परिणाम सारखा कसा धरायचा? तापमान कुठले घ्यायचे? हवामान केंद्रातला तापमापक सावलीच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंचीवर असतो. शेतातल्या पानाच्या पृष्ठभागाचे तापमान निरभ्र रात्री त्याहून खाली जाऊ शकते. नाल्याकाठच्या सखल वावरात थंड हवा उतरून साचते, म्हणून त्याच गावातल्या उंचावरच्या बागेपेक्षा तिथे नुकसान जास्त होते. आता ‘१० अंशांखाली चरका बसतो’ हे वाक्य पाठ करण्याचे राहत नाही, तपासण्याचे होते : कुठले १० अंश, किती तास, झाडाच्या कोणत्या वयात?

खोलीची ओळख हीच. एखादी अट बदलली तर काय होईल हे आधी सांगता यावे, पुस्तकातला आकडा कोणत्या पद्धतीने आला ते विचारता यावे, आणि नियम कुठे लागू पडत नाही हे ठाऊक असावे. प्रश्नपत्रिकेत ‘व्याख्या द्या’, ‘टीपा लिहा’ एवढेच असेल तर ती पहिल्या पातळीची परीक्षा झाली. पाचव्या-सहाव्या सत्रातही तसलेच प्रश्न येत असतील, तर पेपराचा कोड काहीही असो, पातळी बदललेली नाही. मग मुलाने स्वतःच स्वतःला वरच्या पातळीचे प्रश्न घालावेत. क्वेश्चन बँकेतला एक ‘टीपा लिहा’ घ्यायचा आणि त्याचे ‘कधी चुकीचे ठरेल?’ करायचे. आठवड्याला असे तीन प्रश्न झाले तरी सत्रात ४५ होतात.

रुंदीचे कोडे

रुंदीबद्दल आपल्याकडे एक भाबडी समजूत आहे : मुलाने चार विषय शिकले की तो आपोआप ते एकमेकांना जोडेल. तसे होत नाही. मेरी गिक आणि कीथ होलिओक या मानसशास्त्रज्ञांनी १९८०मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना कोडे दिले : पोटातली गाठ किरणांनी जाळायची आहे, पण गाठ जळेल एवढा जोरदार किरण सोडला तर वाटेतले निरोगी मांसही जळेल; काय कराल? उत्तर आहे, कमी जोराचे पुष्कळ किरण वेगवेगळ्या दिशांनी सोडायचे, ते गाठीवर एकत्र मिळतात. कोड्याआधी काही मुलांना एका सेनापतीची गोष्ट वाचायला दिली होती, जो किल्ल्याकडच्या वाटांवर सुरुंग आहेत म्हणून सैन्याच्या तुकड्या करून चहूबाजूंनी पाठवतो. गोष्ट वाचूनही आपणहून उत्तर काढणारी मुले दहात साधारण तीनच निघाली. ‘मघाच्या गोष्टीचा उपयोग होतो का बघा’ एवढे म्हटल्यावर मात्र दहात सात-आठ जणांना ते सुचले. पुढच्या प्रयोगांत असेही दिसले की एकाच धाटणीच्या दोन गोष्टी शेजारी ठेवून तुलना करायला लावली, तर न सांगताही जोड जास्त जणांना दिसते.

पदवीसाठी याचा अर्थ सरळ आहे. अर्थशास्त्राचा ओई घेतला म्हणून वनस्पतिशास्त्राच्या मुलीला केळीच्या भावाचे गणित सुचणार नाही. कोणीतरी ‘हे तिथे लावून बघ’ म्हणावे लागते, आणि एकच कल्पना दोन ठिकाणी शेजारी ठेवून बघावी लागते. शेतीरसायनात लीबिगचा नियम आहे : पीक किती येणार हे सगळ्यांत तुटवडा असलेल्या अन्नद्रव्यावर ठरते, बाकीची कितीही घाला. जळगावच्या एमआयडीसीतल्या डाळ मिलमध्ये दिवसाचे उत्पादन सगळ्यांत सावकाश चालणाऱ्या यंत्रावर ठरते. बाकीची वेगवान असून फायदा नाही. दोन्हींत एकच तत्त्व आहे. पण नियम विज्ञान शाखेच्या पेपरात आणि मिल वाणिज्य शाखेच्या पेपरात, मधे कोणी पूल घातला नाही, तर तीन वर्षांत ती जोड दिसत नाही.

हा पूल शिक्षकाने घालावा, हे खरे. पण मेजरचे सर एका इमारतीत आणि ओईच्या मॅडम दुसऱ्या इमारतीत, दोघांनी एकमेकांचा अभ्यासक्रम पाहिलेला नसतो. म्हणून व्यवहारात हे काम मुलावरच येते. साधी पद्धत आहे : एक वही, डावीकडे मेजर, उजवीकडे ओई किंवा मायनर. दर शनिवारी त्या आठवड्यातली एक कल्पना डावीकडे, तिच्याशी जुळणारी किंवा भांडणारी एक उजवीकडे. जुळत नसेल तर ‘का जुळत नाही’ ते लिहायचे. भांडणाऱ्या जोड्या जास्त कामाच्या असतात.

केळीच्या मुलीकडे परत येऊ. हवामान आधारित फळपीक विम्यात कमी तापमान, जास्त तापमान, वेगाचा वारा, गारपीट असे धोके धरलेले असतात. थंडीची भरपाई ठरते ती महसूल मंडळासाठी नेमलेल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर : ठरावीक तापमान सलग ठरावीक दिवस नोंदले गेले की पैसे. मग सखल वावरात घड अडकले, पण केंद्रावरचे तापमान थोडक्यात वर राहिले, तर काय? नुकसान झाले आणि भरपाई नाही. उलटही होते. विमाशास्त्रात या तफावतीला आधार-जोखीम म्हणता येईल. तिची वनस्पतिशास्त्राची खोली आता इथे उपयोगी पडते, कारण कोणते झाड किती थंडीत बिघडते ते तिला ठाऊक आहे. सांख्यिकीच्या मायनरमधून केंद्राची नोंद आणि शेतातली नोंद यांतला फरक मोजता येतो, अर्थशास्त्राच्या ओईतून विम्याची रचना कळते, आणि शासन निर्णयातले कलम वाचून समजून घ्यायला भाषेचा पेपर लागतो. चार पेपर एका प्रश्नावर आले, आणि प्रश्न गावातलाच आहे.

मायनर निवडताना

मैत्रिणीने घेतला म्हणून, दुपारच्या गाडीला वेळ जमतो म्हणून, किंवा गाइड मिळते म्हणून मायनर घेतला जातो. तिन्ही कारणे समजण्यासारखी आहेत, पण २४ क्रेडिट ही लहान रक्कम नव्हे. त्याऐवजी तीन गोष्टी तपासाव्यात. मायनर मेजरला एखादे साधन देतो का? तो पहिल्या पातळीवरच चार वेळा घुटमळतो की दुसऱ्या-तिसऱ्या पातळीपर्यंत चढतो? आणि तो शिकवायला माणूस आहे का? शेवटचा प्रश्न प्रवेशाच्या वेळी कोणी विचारत नाही. विद्यापीठाच्या यादीत दहा मायनर असतात, कॉलेजच्या टाइमटेबलवर तीन. त्यातला एखादा तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर चालत असेल, तर त्यांची नेमणूक लांबली की सत्राचे पहिले काही आठवडे कोरडे जातात. दोष त्या प्राध्यापकांचा नाही, पण वाया जाणारे आठवडे मुलांचे असतात. म्हणून फॉर्म भरण्याआधी मागच्या वर्षीच्या मुलांना विचारावे : पहिला तास कोणत्या तारखेला झाला?

मेजरच्या फार जवळचा मायनर घेतला तर पेपर सोपे जातात आणि हाती नवे काही येत नाही. फार लांबचा घेतला तर पूल घालायला आयुष्य जाते. मधले अंतर चांगले. मराठी मेजर असलेल्या मुलाने इतिहास मायनर घेतला, आणि त्याचा प्रश्न अहिराणी (खानदेशातली बोली, सरकारी नोंदीत ती खानदेशीत धरतात) असेल, तर बघा काय काय उघडते. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात मराठीला सातवा खंड आहे. खानदेशी मात्र त्यात नाही. ती नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली भाषांच्या शेजारी आहे, १९०७ सालच्या. २०११च्या जनगणनेतही खानदेशी ही मराठीपासून वेगळी मोजली गेली, बोलणारे १८ लाखांहून जास्त. एकीकडे शाळेत ती ‘अशुद्ध मराठी’ म्हणून हिणवली जाते, दुसरीकडे सरकारी मोजणीत स्वतंत्र उभी आहे. असे का? हा प्रश्न निव्वळ साहित्याच्या पेपरात सुटत नाही. भाषाविज्ञानाचे ध्वनी आणि प्रत्यय लागतात (ही खोली), आणि गुजराती-राजस्थानी वस्त्यांचा, स्थलांतराचा, तापी खोऱ्यातल्या वाटांचा इतिहास लागतो (ही रुंदी). शिवाय अहिराणी आणि लेवा गणबोली या दोन वेगळ्या बोली आहेत, बहिणाबाईंच्या ओव्यांची भाषा दुसरीच्या बाजूची आहे, हे वेगळेपण वाक्ये समोर ठेवून दाखवता आले पाहिजे. कौशल्याच्या पेपरात मोडी लिपी मिळत असेल तर ती घ्यावी. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात, १९२७पासूनची संस्था आहे ती, जुने कागद वाचायला बसता येते. पण अंदाज ठेवावा : २ क्रेडिटच्या मोडीत अक्षरओळख आणि सोपी पत्रे होतात. घाईत लिहिलेला महसुली कागद वाचायला त्यानंतरही रोजचा सराव लागतो.

बी.कॉम.च्या मुलांना वाटते की हे सारे कला-विज्ञानाचे लफडे आहे. डाळ मिलचाच हिशेब घ्या. १०० किलो तुरीतून साधारण ७० ते ७५ किलो डाळ निघते, उरते ती चुनी, तुकडा आणि टरफल. तूर किती रुपयांना घेतली ते माहीत आहे. मग डाळीचा किलोचा खर्च किती? चुनीलाही खर्चाचा वाटा द्यायचा, की चुनी विकून आलेले पैसे एकूण खर्चातून वजा करायचे? दोन्ही पद्धती पुस्तकात आहेत आणि दोन्हींनी नफा वेगळा दिसतो. कोणती कधी वापरायची, हे सांगता येणे म्हणजे परिव्यय लेखांकनातली (कॉस्ट अकाउंटिंगमधली) खोली. तुरीतला ओलावा दोन टक्क्यांनी जास्त असेल तर उतारा का घटतो, हे विचारायला अन्नविज्ञानाचा एखादा ओई पुरतो.

ओईबद्दल एक नियम लक्षात ठेवावा. आयोगाच्या आराखड्यानुसार बारावीला शिकून झालेला, मेजर-मायनरच्या शाखेतला विषय या गटात पुन्हा घेता येत नाही. गट आहेच नवे काही बघण्यासाठी. आणि स्पष्टच सांगायचे तर, कोणता ओई मिळणार हे पुष्कळदा मुलांच्या आवडीवर नव्हे तर कोणत्या विभागाचा कार्यभार कमी पडतो यावर ठरते. कॉलेजात मिळत नसेल तर केंद्र सरकारचे ऑनलाइन कोर्सचे स्वयम् पोर्टल आहे. एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत पेपर तिथून घेण्याची मुभा २०२१च्या नियमांनी दिली आहे.

स्वयम्‌वर मुले दोन ठिकाणी अडकतात. कोर्सची नोंदणी फुकट असते, परीक्षेची नोंदणी वेगळी असते, तिची तारीख आणि फी वेगळी. व्हिडिओ सगळे पाहिले, असाइनमेंट दिल्या आणि परीक्षेचा फॉर्म राहिला, तर क्रेडिट शून्य. दुसरे, कॉलेजची संमती आधी घ्यावी लागते. कोर्स किती आठवड्यांचा, किती क्रेडिटचा आणि आपल्याकडे तो कोणत्या गटात धरणार, हे लेखी असावे. नंतर विचारले तर ‘हा आपल्या बास्केटमध्ये बसत नाही’ असे उत्तर मिळते.

तुकडे फार झाले की

नव्या रचनेतला सगळ्यांत खरा दोष इथे आहे. २०-२२ क्रेडिटचे सत्र दोन-दोन क्रेडिटच्या पेपरांत वाटले की दहा-अकरा पेपर होतात. प्रत्येकाच्या अंतर्गत परीक्षा, प्रत्येकाची असाइनमेंट, प्रत्येकाची हजेरी. मूल सगळीकडे थोडे थोडे पळते आणि मेजरला उरलेला वेळ मिळतो. वेळ वाटताना सगळे पेपर सारखे धरू नयेत. स्वतःच्या १५ तासांतले निदान आठ मेजरला, चार मायनरला, बाकी सगळे मिळून तीन. भाषा, मूल्यशिक्षण आणि सहशालेयच्या पेपरांना चांगले गुण हवेतच, पण त्यांची तयारी वर्गातच उरकावी.

खानदेशात त्यात अप-डाऊनची भर. अमळनेर, धरणगाव, दोंडाईचा, नंदुरबार या सुरत लाइनवरची मुले, किंवा तालुक्याहून एसटीने येणारी मुले रोज दोन-तीन तास प्रवासात असतात. उभ्याने गणित सुटत नाही आणि आकृतीही काढता येत नाही. गाडीत करण्याजोगे काम वेगळे असते : सकाळी जाताना कालच्या तासाचे पाच मुद्दे वही न उघडता आठवायचे, अडले ते खुणेने लिहायचे, परत येताना तेवढेच बघायचे. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून काढण्याने जास्त टिकते. अवघड वाचन कॉलेज सुटल्यानंतरच्या एका तासात, लायब्ररीत. गाडी एक तास उशिराची धरावी लागली तरी चालेल.

प्रोजेक्ट, ओजेटी आणि त्यातले घोळ

फील्ड प्रोजेक्ट, समाजसहभाग आणि ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण) ही तिन्ही कामे बहुतेक जण तीन वेगळ्या सर्टिफिकेटांसारखी उरकतात. ती एकाच प्रश्नाला लावता येतात. ओजेटीच्या एका क्रेडिटला किमान ३० तास काम, म्हणजे ४ क्रेडिटला १२० तास, रोजचे सहा तास धरले तर २० दिवस. ओळखीच्या दुकानातून सही-शिक्का आणला की ते २० दिवस गेले.

प्रोजेक्टमधली एक चूक इतकी नेहमीची आहे की तिच्यापाशी थांबायलाच हवे. मुलगी चरक्याचा परिणाम मोजायला मामाच्या बागेत जाते, ३० झाडे मोजते, आणि लिहिते ‘नमुने ३०’. पण प्रश्न सखल वावर आणि उंचावरचे वावर यांतल्या फरकाचा असेल, तर तिच्याकडे सखल वावर आहे एक आणि उंचावरचे शून्य. एका बागेतल्या ३० झाडांना एकच माती, एकच पाणी, एकच खत, एकाच दिवशीची लागवड. ती एकमेकांची भावंडे आहेत, स्वतंत्र साक्षीदार नाहीत. फरक दिसला तरी तो थंडीचा की मामाच्या ठिबकच्या वेळापत्रकाचा, सांगता येत नाही. तेवढ्याच मेहनतीत पाच सखल आणि पाच उंचावरच्या बागा घेऊन प्रत्येकी तीन झाडे मोजली असती, तर झाडे ३०च, पण तुलना खरी झाली असती. लागवड सगळीकडे कांदेबागेचीच धरायची, वाण एकच, आणि प्रत्येक बागेची तीन झाडांची सरासरी काढून मग पाच विरुद्ध पाच अशी तुलना करायची. झाडेही चिठ्ठ्या टाकून निवडायची, नाहीतर पाय आपोआप बांधाजवळच्या झाडांकडे वळतात आणि बांधावरची झाडे आतल्यासारखी नसतात. हे सगळे सांख्यिकीच्या पुस्तकात आहे. पण पुस्तकातले पान आणि मामाची बाग यांची गाठ प्रोजेक्टच्या आधी पडली पाहिजे, व्हायव्हाच्या दिवशी नव्हे. म्हणून प्रोजेक्टचा एक पानी आराखडा (प्रश्न, कशाची कशाशी तुलना, किती जागा, काय मोजणार, कोणत्या तक्त्यात भरणार) मोजणी सुरू करण्याआधी मेजरच्या आणि मायनरच्या, दोन्ही शिक्षकांना दाखवावा.

कागदपत्रांचे थोडे, आणि चौथे वर्ष

क्रेडिट जमा होतात अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, आणि साधारणपणे सात वर्षे वापरता येतात. पहिल्या वर्षाचे ४० क्रेडिट आणि उन्हाळ्यातला ४ क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स झाला की सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येते, दुसऱ्या वर्षानंतर डिप्लोमा घेऊन. बाहेर पडलेल्याने तीन वर्षांत परत यावे आणि सगळे मिळून सात वर्षांत पुरे करावे, अशी मूळ आराखड्यातली मर्यादा आहे. खात्यातल्या नावाचा घोळ आधी मिटवावा : मार्कशीटवर आडनाव पहिले, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचे नाव गाळलेले. जुळले नाही तर क्रेडिट चढत नाहीत, आणि हे कळते दुसरीकडे प्रवेश घेताना.

चौथे वर्ष घ्यावे का? संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात आणि १२ क्रेडिटचा शोधप्रबंध करावा लागतो. चार वर्षांनंतर एम.ए., एम.एस्सी. एका वर्षात होते, त्यामुळे वर्ष वाया जाते ही भीती तितकी खरी नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत स्वतःचा एक प्रश्न तयार झाला असेल आणि तो विभाग चौथे वर्ष चालवत असेल, तर थांबावे. प्रश्नच नसेल तर १२ क्रेडिट दुसऱ्यांच्या प्रबंधांतून उतरवण्यात जातात.

स्पर्धा परीक्षा करायचीच असे ठरवून बसलेल्यांनाही हा हिशेब चुकत नाही. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाचे चार पेपर मिळून १,००० गुण आहेत आणि वैकल्पिक विषयाचे दोन पेपर मिळून ५००. एमपीएससीची राज्यसेवाही आता वर्णनात्मक झाली. मेजर नीट केलेल्याचा वैकल्पिक विषय तिथेच तयार होतो, आणि ज्याने मेजरला क्वेश्चन बँकेवर काढले, तो पदवीनंतर पुण्याला खोली घेऊन तोच विषय पहिल्या पानापासून, फी भरून शिकतो.